एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला

उंद्री, ५ नोव्हेंबर २०२४

चि. राखी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडलं नसशील तर पुढचं वाच. माझ्या नंबरवरून तुला फोन लागत नाही, म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहितोय. पत्ता तुझ्या मायनं दिला नाही, मी तिच्या वहीतून उतरवून घेतला. तिच्यावर रागावू नको.

घरी ये असं म्हणायला बसलेलो नाही. मला पळायचं आहे. सुरुवात कशी करतात ते विचारायचंय. हसलीस तरी चालेल, इथं सगळे हसतातच.

झालं असं की मागच्या महिन्यात चिखली स्टँडवर माझ्यासमोर गाडी फलाटावरून निघाली. एकतीस वर्षं त्याच डेपोत कंडक्टर होतो. धावत येणाऱ्या किती माणसांसाठी बेल मारून गाडी थांबवली असेल. त्या दिवशी मी पळालो. चाळीस पावलं असतील नसतील. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि खालीच बसलो. गाडी थांबली. कंडक्टर पोरगी होती, तुझ्याहून लहान. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, गाडी थांबवलीच असती, काऊन पळाले?" पाणी पिऊनही मी धापाच टाकत होतो.

डॉक्टरनं सांगितलं, साखर आहे, वजन त्र्याण्णव किलो आहे, रोज चाला. चालायला लागलो. शेताकडच्या पांदणीनं जातो, दोन्ही बाजूंनी तुरी उभ्या आहेत. तिथं रोज सकाळी पोलीस भरतीवाल्या चार पोरी माझ्या बाजूनं पळत जातात. आपसात बोलत जातात गं. पळता पळता बोलतात. एक दिवस मनात आलं, आपणही पळून पाहू. घरापासून निघालो ते जीव खाऊन. मारोतीच्या पाराजवळ पोचलो आणि सकाळचा चहा बाहेर आला.

दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, एकसष्टाव्या वर्षी कशाला हे. तू तसं म्हणणार नाहीस असं वाटतं. नऊ वर्षांपूर्वी तू नोकरीसाठी घर सोडलंस तेव्हा मी तुला जे बोललो त्यानंतर तुला काही विचारायचा हक्क मला नाही, हे माहीत आहे. पण तू शाळेत खेळाची मास्तरीण, पळण्याचं ज्याला कळतं असं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही.

तुझा बाबा
पंजाबराव


उंद्री, १८ नोव्हेंबर २०२४

चि. राखी,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं ते मोठ्यानं वाचतच आणलं, त्यामुळं आता अर्ध्या गावाला माझा कार्यक्रम पाठ आहे. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. चालेल. मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय आणि पुन्हा इथं उतरवतो, म्हणजे मी नीट समजलो का ते तू तपासशील:

"आधी डॉक्टरांना विचारा पळू का म्हणून. बूट घ्या. पाच मिनिटं चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोरात पळताय."

डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढून पाहिली आणि हो म्हणाला. मग चिखलीला जाऊन आसिमच्या दुकानातून बूट घेतले. मी आपला चकाकणारा जोड उचलला होता. त्यानं तो परत ठेवला, मला दुकानाबाहेर रस्त्यावर दोन चकरा मारायला लावल्या आणि एक नंबर मोठा दिला. म्हणाला, "काका, पळताना पाय फुगते, बोटाले जागा पाह्यजे."

आणि राखी, एक मिनिट. एक मिनिट म्हणजे काय असतं हे मला या वयात कळलं. पहिल्या दिवशी वाटलं घड्याळ बंद पडलं. पण मग दोन मिनिटं चालायची होती आणि तेवढ्यात दम परत यायचा. आठच्या आठ वेळा केलं. शेवटच्या वेळी मला अजून करावंसं वाटत होतं. घरी येऊन तुझ्या मायला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग? मेडल आनलं का?" पण दुसऱ्या दिवशी बुटांवरची माती तिनंच झटकली होती.

बोलता येतं का ते पाहायला मी पळताना गाड्यांचे थांबे म्हणतो. चिखली, अमडापूर, उंद्री, अशी पाटी वाचल्यासारखी. तोंडातून पूर्ण नाव निघालं तर वेग बरोबर. अर्ध्यात तुटलं तर कमी करतो. भरतीवाल्या पोरींना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

तीन दिवसच का? मला तर रोज जावंसं वाटतं.

बाबा


उंद्री, ८ डिसेंबर २०२४

चि. राखी,

तीनच दिवस का, ते कळलं. तुझं कार्ड यायच्या आधीच कळलं.

आपले नारायणराव तुला आठवत असतील, ग्रामपंचायतीशेजारी राहणारे. ते एक दिवस पांदणीवर आले आणि म्हणाले, असं पळणं म्हणजे म्हशीनं फिरायला निघणं. मला राग आला. दोघं सुटलो. मी पुढं होतो, हे लिहायला मला अजून बरं वाटतं. त्यानंतर चार दिवस रोज पळालो, चालणं सोडूनच दिलं. पाचव्या दिवशी नडगीत अशी कळ निघाली की घरी येताना काठी लागली. नारायणराव तर खाटेवरच होते.

तुझ्या मायनं फोनवर तुला हे सांगितलं असणार. तू लिहिलंस: "थकवा दोन्ही पायांना सारखा असतो. एका जागी बोट ठेवून दाखवता येतं ते दुखणं. सात दिवस पळू नका. नंतर मागच्या आठवड्यापासून सुरू करा. शर्यत कुणाशीही नाही."

सात दिवस मी कसे काढले ते तुझी माय सांगेल. पण त्या सात दिवसांतच गंमत झाली. मी पळत नाही हे पाहून बाया विचारायला आल्या. नजमुन्निसा, ब्लाऊज शिवते ती, म्हणाली, दिवसभर मशीनवर बसून कंबर धरते, मी आले तर चालेल का? अंगणवाडीच्या धम्मशीलाताई तिच्याबरोबर. मी त्यांना तुझं पहिलं कार्ड दाखवलं. पाय बरा झाला त्या सोमवारी पांदणीवर चारजण होतो. चौथी कोण असेल सांग. तुझी माय. लुगड्याचा काष्टा घट्ट मारला, पायात माझे जुने कापडी बूट. पहिल्या मिनिटाला मला मागं टाकून गेली आणि अर्ध्या मिनिटात बसली. मी तिला म्हटलं, हळू, इतकं हळू की लाज वाटली पाहिजे. हे वाक्य माझं आहे हं, तुझ्या कार्डातलं नाही.

राखी, नजमुन्निसाचं पहिलं मिनिट पूर्ण झालं तेव्हा ती तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि हसता हसता रडत होती. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडं पाहत उभा राहिलो.

अजून एक. तुझे खेळाचे अब्दुल गनी सर इथं आले आहेत. निवृत्त झाले, त्यांच्या मुलीची, आलिमाची नोकरी इथल्या दवाखान्यात आहे, तिच्याकडं राहतात. गुडघे गेलेत, पण सकाळी खुर्ची घेऊन पांदणीच्या तोंडाशी बसतात आणि आमच्याकडं पाहतात. कुणी खांदे आवळले की तिथूनच ओरडतात, "हात ढिले सोडा!" त्या एका वाक्यानं माझा दम निम्मा कमी झाला.

बाबा


उंद्री, २९ डिसेंबर २०२४

चि. राखी,

वीस मिनिटं. न थांबता. आज सकाळी.

हरभऱ्यावर दव होतं, थंडी इतकी की कान दुखत होते. ठरवलं होतं आठ मिनिटं पळायचं, पाच चालायचं, पुन्हा आठ. आठ झाली तेव्हा पाहिलं तर मी नावं नीट म्हणत होतो. म्हटलं अजून एक मिनिट. मग अजून एक. पंधराव्या मिनिटाला एक वेळ अशी आली की पाय माझे नाहीत, ते आपले जातायत, आणि मी वर बसून नुसतं पाहतोय. एसटीत दारात उभं राहिल्यावर गाडी चांगल्या डांबरीवर लागते ना, तसं. थांबलो तेव्हा अंगातून वाफ निघत होती. मी शेताच्या धुऱ्यावर बसून एकटाच हसलो.

तुला हे सतराव्या वर्षी रोज मिळत होतं.

वजन सत्त्याऐंशी आहे. डॉक्टरनं गोळी कमी केली नाही, पण रिपोर्ट पाहून "ठीक आहे" म्हणाला. याआधी नुसताच सुस्कारा टाकायचा. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर आम्ही गावातली मंडळी पाच किलोमीटर पळणार. नारायणरावही येतात आता, एक मिनिट पळतात, दोन मिनिटं चालतात, आणि म्हैस हा शब्द काढत नाहीत. सगळे मिळून चौदाजण आहोत.

तुझं तिसरं कार्ड मिळालं. त्यात एकच ओळ होती: "त्या सरांबद्दल मला लिहू नका."

ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. त्याबद्दल मला लिहायला हवं. आज लिहीत नाही. आजचा दिवस फार चांगला गेला, तो मला एक दिवस तरी ठेवायचा आहे.

बाबा


उंद्री, ६ जानेवारी २०२५

राखी,

आठवडाभर कागद पुढं घेऊन बसतोय. आता सरळ लिहितो.

राज्याच्या स्पर्धेतून तुझं नाव गनी सरांनी काढलं नव्हतं. मी काढलं.

पंधराशे मीटरमध्ये तू जिल्ह्यात पहिली आलीस त्या आठवड्यात माझ्याच गाडीत दोन माणसं बोलत होती. कंडक्टरची पोरगी हाफ पँट घालून चिखलीच्या ग्राउंडवर पळते, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. मी त्यांची तिकिटं फाडली आणि पुढच्या सीटकडं सरकलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेलो आणि पालक म्हणून लेखी दिलं की मुलीला पाठवत नाही. घरी येऊन तुला सांगितलं, सरांनी तुझ्या जागी शहरातल्या पोरीचं नाव टाकलं. तू शाळेत जाऊन त्यांना विचारशील अशी भीती होती. पण तू कोपऱ्यात बसलीस, आणि पुन्हा कधी ग्राउंडवर गेली नाहीस.

सर घरी आले होते. तू आतल्या खोलीत होतीस. मी त्यांना दारातच सांगितलं की पोरीला मी असं असं सांगितलंय, आणि तुम्ही काही बोललात तर तिची शाळाही बंद करीन. तुझ्या मायला हे आजवर माहीत नव्हतं. काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

पांदणीवर सर रोज माझ्याशी चांगलं बोलतात. परवा सगळे गेल्यावर मी त्यांच्या खुर्चीजवळ बसलो आणि विचारलं, "सर, तुमी तिले कधी सांगितलं काऊन नाही? ती नंतर मोठी झाली होती."

त्यांनी दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाले, "तवा पोरगी तुमच्याच घरात राह्यनार होती, पंजाबराव. मी सांगितलं असतं, तर ती तुमच्याशी भांडली असती, अन् तुमी शाळा बंद केली असती. नंतर ती शिकाले गेली, मास्तरीन झाली. म्हटलं, आता कशाले जखम उघडाची."

"तिनं तुमाले शिव्या देल्ल्या असतील," मी म्हणालो.

"देल्ल्या असतील. पन मले तिचं टायमिंग अजून पाठ आहे."

आणि त्यांनी मला ते सांगितलं, सेकंदासकट. मला, तुझ्या बापाला, ते माहीत नव्हतं.

मी माफी मागत नाही. मागायची तर आधी सरांची मागायला हवी. ती परवा मागितली. तुला खरं काय ते कळायला हवं, एवढ्यासाठी लिहिलं. यानंतर तू कार्ड पाठवलं नाहीस तरी मी पळणं सोडणार नाही. मागच्या आठवड्यातल्या त्या वीस मिनिटांनंतर मला नीट कळलंय की मी तुझ्याकडून काय काढून घेतलं. आधी वाटायचं, एक स्पर्धाच तर होती.

पंजाबराव


उंद्री, २७ जानेवारी २०२५

चि. राखी,

तीन आठवडे तुझं काही आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. पण कालचं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झेंडावंदन आटोपलं. चौदाचे एकवीस झालो होतो. धम्मशीलाताईंनी अंगणवाडीतल्या रंगानं रस्त्यावर आडवी रेघ ओढली. आसिम चिखलीहून मोटारसायकलवर आला, फाट्यावर पाणी घेऊन उभा राहिला. गनी सर खुर्चीवर, गळ्यात शिट्टी. ते शिट्टी तोंडाशी नेणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं नाही, नंबर अनोळखीच असणार. "हॅलो" म्हणाले आणि मग नुसतं ऐकत राहिले. एकवीस माणसं रेघेवर उभी, आणि सर ऐकतायत. मग उठून उभे राहिले. आलिमा धरायला गेली तर तिचा हात बाजूला केला. पाठ फिरवून रस्त्याच्या कडेला गेले. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नाही बेटा, नाही. मी कायले रागवू."

दहा मिनिटं लागली असतील. नारायणराव कुरकुरायला लागले की अंग थंड पडतंय. तुझ्या मायनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते गप्प झाले. तिला कळलं होतं. मलाही.

सर परत आले, डोळे पुसले, आणि मला काहीही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तो फोन त्यांचा होता. त्यांनी एवढी जोरात शिट्टी वाजवली की झाडावरचे बगळे उडाले.

आम्ही पळालो, राखी. पोरी गेल्या पुढं. नजमुन्निसा त्यांच्या मागोमाग, ओढणी कमरेला बांधून. तिला कुणी सांगितलं नव्हतं इतकी ती सरळ पळत होती. मी ठरवल्याप्रमाणं शेवटून चौथा. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घेतला. झेंडावंदनाला आलेल्या बँडवाल्यांनी ताशा सुरू केला तेव्हा पाय आपोआप जोरात पडायला लागले, पण आवरलं. फाट्यावर वळलो तेव्हा समोरून ऊन आलं आणि शेताशेतातून माणसं ओरडत होती, "चला कंडक्टर, डबल बेल!" तिसऱ्या किलोमीटरला दोनदा चाललो, एक-एक मिनिट. खोटं सांगणार नाही. शेवटी तुझी माय माझ्यापुढं पन्नास पावलं होती. ती मागं वळून पाहत नव्हती. तीन आठवड्यांत ती माझ्याशी दहा शब्दही बोललेली नाही. मी तिला गाठलं नाही. ताकद होती, तरी गाठलं नाही.

त्रेचाळीस मिनिटं. रेघ ओलांडली आणि मला इतका आनंद झाला की लाज वाटली. एवढं सगळं झाल्यावर माणसानं इतकं खूश असावं का? पण होतो. तुझी माय पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बसू नोका लगेच. चाला." तेवढंच म्हणाली. मी चाललो.

एकवीसच्या एकवीस माणसं परत आली. शेवटचे नारायणराव, सत्तावन्न मिनिटं. त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

तू सरांना फोन केलास. चांगलं केलंस. यापलीकडं मला काही म्हणायचं नाही.

बाबा


सांगली, ९ फेब्रुवारी २०२५

बाबा,

तुमचं सहा जानेवारीचं पत्र मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि पुढचा तास घेऊ शकले नाही. मुलांना सांगितलं, आज खो-खो खेळा. मी तुमच्यावर रागावले आहे. आधीपेक्षा जास्त. आधी मी ज्या गोष्टीवर रागावले होते ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. ही गोष्ट तुम्ही पंधरा वर्षं घरात ठेवलीत, आणि मी एका चांगल्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलत राहिले. हे किती दिवस राहील ते मला माहीत नाही. मला राग लवकर आवर असं सांगू नका.

सरांना फोन लावायला सोळा दिवस लागले. सव्वीस तारखेला सकाळी शाळेत झेंडा झाला आणि मी मैदानावर एकटीच उभी होते. आईकडून नंबर आधीच घेतला होता. तुमची तिथं शर्यत सुरू होणार होती हे माझ्या लक्षातच नव्हतं; सरांनी मध्येच सांगितलं की एकवीस जण थांबलेत.

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगते, जी आईलाही माहीत नाही. मी पळत नाही. त्या वर्षापासून एकदाही पळाले नाही. मुलांना शिकवते, वेळ घेते, पुस्तकं वाचते, तुम्हाला कार्डं पाठवली ती सगळी पुस्तकातली आणि इतरांच्या पायांवरून शिकलेली. इथं सगळ्यांना वाटतं माझ्या गुडघ्याला जुनी दुखापत आहे. मीच तसं सांगितलंय.

वीस मिनिटांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला फार हेवा वाटला. स्वतःच्या बापाचा, एकसष्टाव्या वर्षी. दोन दिवस झोप नीट लागली नाही.

परवा सकाळी साडेपाचला मैदानावर गेले. कुणी नव्हतं. पळाले. हळू पळायचं हे मुलांना रोज सांगते, पण माझ्या अंगाला अजून सतरा वर्षांची मुलगीच आठवत होती आणि ती जोरातच पळायची. एका फेरीनंतर खाली बसले. मग पुन्हा उठले. एकूण किती पळाले ते मोजलं नाही, पण घरी येताना मी रिक्षा केली आणि रिक्षावाल्यानं विचारलं, मॅडम, एवढ्या का हसताय.

काल मांड्या इतक्या दुखत होत्या की शाळेचा जिना कठडा धरून उतरले. मुलं बघत होती. आजही दुखतंय, दोन्ही पायांना सारखंच. उद्या सोमवार. जावंसं फार वाटतंय. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत आहे, ते नको. तुमचे पाय पहिल्या आठवड्यात कसे होते आणि तुम्ही दुसऱ्यांदा कधी गेलात, ते कळवा. पत्र पोचायला चार दिवस लागतात, तेवढं मी थांबणार नाही. फोन करा, तुमच्या नंबरवरून आता लागेल. सकाळी, सहाच्या आत.

राखी